राष्ट्रीय चषक उरला मोजक्यांचा. तंजावर-कोल्हापूरसाठी दार कुठे?

तंजावर, ९ डिसेंबर – गोव्यातील फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर रविवारी, ७ डिसेंबर २०२५ रोजी, जादा वेळेसह १२० मिनिटांच्या खेळात एकही गोल झाला नाही. अखेर पेनल्टी शूटआउटमध्ये एफसी गोवाने ईस्ट बंगालला ६-५ असे नमवून सुपर चषक पुन्हा आपल्याकडे राखला. २०१९ मध्ये पहिल्यांदा, यंदाच्या मे महिन्यात दुसऱ्यांदा आणि आता तिसऱ्यांदा. हा चषक तीन वेळा जिंकणारा आणि सलग दोनदा राखणारा तो पहिलाच संघ ठरला. गोवेकरांचा जल्लोष ओसरायच्या आतच, सोमवारी ८ डिसेंबरला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड यांच्यातील १५ वर्षांचा व्यावसायिक करार संपुष्टात आला. देशातील अव्वल लीग ज्या कराराच्या आधारे चालत होती, तो संपला तेव्हा त्याची जागा कोण घेणार हेही ठरलेले नव्हते.

एकामागून एक आलेल्या या दोन दिवसांतच भारतीय फुटबॉलच्या यंदाच्या हंगामाचे सारे वैशिष्ट्य सामावले आहे. एरवी लीगच्या शेपटाला बांधली जाणारी चषकस्पर्धा यंदा अव्वल क्लबांसाठी एकमेव राष्ट्रीय व्यासपीठ ठरली. पंधरा वर्षांत प्रथमच चषकाला असे महत्त्व आले, आणि नेमक्या त्याच वर्षी हा चषक किती आक्रसला आहे हेही उघडे पडले.

घडले ते थोडक्यात असे. करार संपत आल्याने इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित ठेवत असल्याचे आयोजक कंपनीने जुलैमध्ये क्लबांना कळवले. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्याने नवा करार करण्यास महासंघाला मोकळीक नव्हती. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवले, काहींनी कामकाजच आवरते घेतले. १९ सप्टेंबरला न्यायालयाने घटनेच्या मसुद्याला फेरबदलांसह मान्यता दिली आणि त्यानंतर महासंघाने व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. या पोकळीत २५ ऑक्टोबरपासून गोव्यात, फातोर्डा आणि बांबोळी येथे, सुपर चषक खेळवला गेला. काही क्लबांच्या दृष्टीने तो हंगामाचा प्रारंभ होता. मात्र पुढचा सामना कधी, या प्रश्नाचे उत्तर स्पर्धा संपल्यावरही त्यांच्यापाशी नव्हते.

अशा काळात स्पर्धा घडवून आणली याचे श्रेय महासंघाला द्यावेच लागेल. परंतु स्पर्धेचे स्वरूप पाहिले की वेगळा विचार मनात येतो. १६ संघांचे चार गट, प्रत्येक गटातून केवळ अव्वल संघ उपांत्य फेरीत. म्हणजे गटसाखळीचे २४ सामने आणि त्यानंतर दोन उपांत्य व एक अंतिम. एकूण २७ सामन्यांपैकी हरलेला संघ तत्काळ स्पर्धेबाहेर जाईल असे सामने तीनच. राष्ट्रीय बाद स्पर्धा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चषकात बाद पद्धत शेवटच्या काही दिवसांपुरती उरली.

हे आकडे केवळ तांत्रिक नाहीत. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील ३१ ऑक्टोबरचा सामना आठवावा. तो गोलशून्य बरोबरीत सुटला आणि गोलफरकाच्या जोरावर ईस्ट बंगाल पुढे गेला. बरोबरी पुरेशी असल्याने ईस्ट बंगालला धोका पत्करण्याची गरज नव्हती. बाद सामन्यात हा हिशेब चालत नाही. तिथे नव्वद मिनिटांनंतर जादा वेळ असतो, त्यानंतर शूटआउट असते, आणि रात्र संपायच्या आत दोघांपैकी एकाला सामान बांधावे लागते. याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत भुवनेश्वरला झालेला सुपर चषक पहिल्या फेरीपासून बाद पद्धतीचा होता. त्यात गतविजेता ईस्ट बंगाल पहिल्याच सामन्यात केरळ ब्लास्टर्सकडून ०-२ असा पराभूत होऊन घरी परतला आणि तेव्हा दुसऱ्या श्रेणीत असलेल्या इंटर काशीने बंगळुरू एफसीला शूटआउटमध्ये गारद केले. अंतिम लढतीत एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० असे हरवले. एकाच वर्षात एकाच चषकाच्या दोन आवृत्त्या झाल्या आणि दोन्हींचा विजेता एकच निघाला. फरक पडला तो वाटेत.

गटपद्धतीमागची निकड समजण्यासारखी आहे. आशियाई महासंघाच्या अपेक्षेनुसार क्लबाने हंगामात किमान २४ अधिकृत सामने खेळावे लागतात. लीगच ठप्प असताना प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळावेत, परदेशी खेळाडू आणि प्रशिक्षकांवर झालेला खर्च अगदीच वाया जाऊ नये, ही गरज होती. एका पराभवानंतर परतीचे तिकीट काढावे लागणार असेल तर संघ पाठवण्याचा उत्साह किती क्लबांनी दाखवला असता, हा प्रश्नच आहे. अव्वल श्रेणीतील ओडिशा एफसी तर या स्पर्धेत उतरलाच नाही. तथापि ही सारी निकड क्लबांची आहे. चषकाची मूळ कल्पना क्लबांची सोय पाहण्याची कधीच नव्हती.

स्पर्धेतील सर्वांत बोलका धडा डेम्पोने दिला. पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकलेला गोव्याचा हा जुना क्लब आता दुसऱ्या श्रेणीत खेळतो. रियल काश्मीरच्या जागी आयत्या वेळी त्याला प्रवेश मिळाला आणि संपूर्ण भारतीय खेळाडूंच्या संघानिशी तो उतरला. पहिल्याच दिवशी त्याने ईस्ट बंगालला २-२ असे रोखले, पुढे मोहन बागानला गोलही करू दिला नाही. परदेशी खेळाडूंनी सजलेल्या, कोट्यवधींच्या अंदाजपत्रकाच्या दोन संघांना खालच्या श्रेणीतला संघ थोपवू शकतो हे दिसले, तेही चार जागांपैकी एक जागा रिकामी झाल्याने. अशा जागा मुळात किती आहेत?

उत्तर निराशाजनक आहे. यंदाच्या १६ संघांपैकी १३ संघ अव्वल श्रेणीचे होते. त्यात नुकतीच बढती मिळालेला इंटर काशीही आला. उरलेले तीन, डेम्पो, गोकुलम केरळ आणि राजस्थान युनायटेड, दुसऱ्या श्रेणीचे. त्याखाली राष्ट्रीय पातळीवर आणखी दोन श्रेणी आहेत, त्यांच्याखाली राज्यांच्या लीग, त्यांच्याखाली जिल्हे. या सर्वांपैकी कोणालाही राष्ट्रीय चषकात येण्याची वाट नाही. पात्रता फेरी नावाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

हे नेहमीच असे नव्हते, आणि म्हणून इतिहासाची उजळणी आवश्यक ठरते.

फेडरेशन चषक १९७७ मध्ये सुरू झाला तो राज्योराज्यीच्या विजेत्या क्लबांना एकत्र आणून देशातील सर्वोत्तम क्लब निवडण्यासाठी. एर्नाकुलमला झालेल्या पहिल्याच अंतिम सामन्यात बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या, म्हणजे दूरध्वनी यंत्रे बनवणाऱ्या सरकारी कारखान्याच्या, संघाने मोहन बागानला १-० असे हरवले. कोलकात्याबाहेर फुटबॉल आहे, हे सांगायला यापेक्षा चांगला आरंभ मिळाला नसता. दुसऱ्या वर्षी स्पर्धा तमिळनाडूत आली, ती राजधानीत नव्हे तर कोईमतूरला. तिथे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल संयुक्त विजेते ठरले. त्यानंतर तिने गुवाहाटी पाहिली, पुढच्या दशकांत त्रिशूर, कण्णूर, कटक अशी शहरे पाहिली. १९९० मध्ये त्रिशूरला आणि १९९१ मध्ये कण्णूरला केरळ पोलिसांनी सलग दोनदा चषक उंचावला. त्या संघात आय. एम. विजयन, व्ही. पी. सत्यन, सी. व्ही. पप्पच्चन होते. पोलीस दलात नोकरी करणाऱ्या या खेळाडूंच्या संघाने देशातील धनाढ्य क्लबांना मागे टाकले आणि केरळमधील एका पिढीला फुटबॉलचे वेड लावले.

महाराष्ट्राचा या इतिहासात मोठा वाटा आहे, याचा विसर आता मराठी वाचकालाही पडू लागला आहे. मफतलाल मिल्सचा संघ १९७९ आणि १९८२ अशा दोन वेळा फेडरेशन चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. महिंद्राच्या संघाने १९९१ आणि १९९३ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि महिंद्रा युनायटेड या नावाने २००३ व २००५ मध्ये चषक जिंकलाही. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. मुंबईत १८९१ पासून खेळला जाणारा रोव्हर्स चषक तर देशातील सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. कूपरेजवर हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो जिंकला. २०००-०१ च्या हंगामानंतर तो भरलाच नाही. शतकाहून अधिक काळ चाललेली स्पर्धा बंद पडली तरी शहरात त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. मुंबईकरांचा जीव तोवर क्रिकेटमध्ये पुरता गुंतला होता.

फेडरेशन चषकाने लोकप्रियतेचा कळस पाहिला तो १३ जुलै १९९७ रोजी. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवरील उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ असे हरवले. बायचुंग भुतियाची हॅट्ट्रिक पाहायला सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक होते. तो अंतिम सामनाही नव्हता. अंतिम सामन्यात चषक गेला गोव्याच्या साळगावकरकडे. हरले की संपले, एवढ्या एका नियमाने ती गर्दी खेचली होती.

त्याच सुमारास राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि चषक हळूहळू लीगच्या संघांपुरता उरत गेला. २०१७ मध्ये कटकला बंगळुरू एफसीने मोहन बागानला हरवून शेवटचा फेडरेशन चषक जिंकला. पुढच्या वर्षापासून त्याची जागा सुपर चषकाने घेतली. २०१९ मध्ये आय-लीगच्या अनेक क्लबांनी त्यावर बहिष्कार घातला, २०२० ते २०२२ या काळात तो झालाच नाही, २०२५ मध्ये दोनदा झाला. विजेत्याला आशियाई स्पर्धेच्या पात्रतेचे तिकीट मिळते, एवढेच आता त्याचे प्रयोजन. एफसी गोवाला मे महिन्यातील विजयाने हेच तिकीट दिले होते. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ असे नमवून हा संघ आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या गटात गेला. २२ ऑक्टोबरला सौदी अरेबियाचा अल नस्र फातोर्ड्याला आला तेव्हा क्रिस्तियानो रोनाल्डो सोबत नव्हता; तरी ब्रायसन फर्नांडिसच्या गोलमुळे गोव्याने १-२ अशी झुंज दिली. गटातून पुढे जाणे गोव्याला जमले नाही. परंतु चषक जिंकून काय साध्य होते, हे गोव्यातील मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

ज्यांना हे पाहायला मिळत नाही त्यांच्याकडे आता वळू.

तंजावर येथून फातोर्डा शेकडो किलोमीटर दूर आहे. पण खरे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याजोगे नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हे जिल्ह्याचे शहर म्हणजे मराठी वाचकाला सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख आणि व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंतची भोसल्यांची गादी. फुटबॉलच्या नकाशावर ते कुठेच नाही. शहरात राज्य क्रीडा प्राधिकरणाचे अन्नै सत्या क्रीडांगण आहे. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री चषक स्पर्धांची सुरुवात तमिळनाडूतील प्रत्येक जिल्ह्यातून होते आणि जिल्ह्याचे विजेते राज्यपातळीवर जातात. त्यात फुटबॉलही आहे. म्हणजे जिल्ह्यातून वर चढणारी शिडी या राज्याला नवी नाही. ही शिडी राज्याच्या सीमेवर येऊन थांबते, अडचण तेवढीच.

तंजावरमधील एखाद्या हौशी संघाने उद्या मनावर घेतले तरी सुपर चषकापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला काय करावे लागेल? आधी राज्याच्या लीगमध्ये स्थान मिळवून ती जिंकायची. त्यासाठी सुमारे ३४० किलोमीटरवरील चेन्नई गाठायची. मग राज्य संघटनेच्या शिफारशीने आय-लीग ३, तिथून आय-लीग २, तिथून आय-लीग. एकदाही पाय न घसरता हे साधले तरी किमान चार हंगाम जातील. त्यानंतरही चषकातील दुसऱ्या श्रेणीच्या तीन-चार जागांपैकी एक मिळेलच याची हमी नाही. प्रत्येक पायरीवर परवाना, मैदान, प्रशिक्षकांची पदवी, युवा संघ आणि प्रवास यांचा खर्च वाढत जातो. लीगची शिडी अशीच असते आणि असावी. सातत्य सिद्ध केल्याशिवाय बढती मिळू नये. पण जगभर लीगच्या या लांबलचक जिन्याला एक आडवाट जोडलेली असते आणि ती चषकाची असते. भारताने ती बंद केली आहे.

तंजावरपुढे निदान असे म्हणता येईल की तिथे फुटबॉलची मोठी परंपरा नाही. कोल्हापूरबाबत तीही सबब चालत नाही. भोसल्यांच्या दुसऱ्या एका गादीच्या या शहरात फुटबॉल पेठांच्या रक्तात आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ही नावे ऐकली की छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. तालमीत कुस्तीबरोबर फुटबॉलही रुजलेले दुसरे शहर देशात शोधून सापडणार नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग होते आणि तिच्या जोडीने एकामागून एक बाद स्पर्धा रंगतात. त्यांच्यासाठी संघ आफ्रिकी खेळाडू करारावर आणतात, वर्गण्या निघतात, पेठा रस्त्यावर उतरतात. प्रसंगी हुल्लडही होते, आणि ती आवरण्यात पोलिसांची दमछाक होते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. तो वर गेला तो एकटा. त्याला घडवणाऱ्या शहराचा संघ म्हणून कोणतीही तालीम राष्ट्रीय चषकाच्या जवळपासही फिरकू शकलेली नाही. पाटाकडीलचा संघ एखाद्या संध्याकाळी मोहन बागानशी खेळेल, ही कल्पना कोल्हापुरात कोणालाही वेडगळ वाटणार नाही. नियमांत मात्र तिला जागा नाही.

महिला फुटबॉलचा अनुभव या ठिकाणी उपयोगी पडावा. इंडियन विमेन्स लीगच्या आरंभीच्या वर्षांत पात्रतेची वाट तुलनेने आखूड होती. त्यामुळे मदुराईचा सेतू एफसी २०१८-१९ मध्ये विजेता झाला आणि एफसी कोल्हापूर सिटी हा संघही राष्ट्रीय मैदानात खेळून आला. तमिळनाडूच्या महिलांनी त्याआधी २०१८ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. दार उघडे असले की मदुराई आणि कोल्हापूर आत येतात, यासाठी याहून वेगळा पुरावा नको. गंमत अशी की महिला क्लबांसाठी सुपर चषकासारखी राष्ट्रीय बाद स्पर्धा अजून नाहीच.

देशांतर्गत दुसरे उदाहरण ड्युरँड चषकाचे. १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झालेली ही स्पर्धा सेनादले चालवतात आणि संघ निमंत्रणाने येतात. यंदा ऑगस्टमध्ये डायमंड हार्बर एफसी या अवघ्या तीन वर्षांच्या क्लबाने तिच्या उपांत्य फेरीत ईस्ट बंगालला २-१ असे हरवले. अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने त्याचा ६-१ असा धुव्वा उडवला हे खरे. पण तोवर दक्षिण २४ परगण्यातील एका गावाचे नाव देशभर पोहोचले होते. डायमंड हार्बरमागे राजकीय वजन आणि पैसा आहे, त्याची बरोबरी कोणत्याही तालमीला करता येणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. निमंत्रणाच्या पद्धतीत वजनदारांनाच बोलावणे जाते. पात्रता फेरीत ते मैदानावर मिळवावे लागते.

परदेशांतील पद्धती पाहिल्या तर जपानची भारताला सर्वांत जवळची वाटते. तिथल्या सम्राट चषकात ४७ प्रांतांचे ४७ विजेते व्यावसायिक क्लबांसोबत खेळतात. त्यात विद्यापीठांचे संघही असतात. प्रांतातील स्पर्धा प्रांताने घ्यायची, खर्च स्थानिक ठेवायचा आणि विजेत्याला राष्ट्रीय फेरीत पाठवायचे. इंग्लंडचा एफए चषक नवव्या स्तरापर्यंतच्या क्लबांना सामावून घेतो. फ्रान्समध्ये २००० साली कॅले या बंदराच्या गावातील हौशी संघाने अंतिम फेरी गाठली होती. जर्मनीत यंदा मे महिन्यात तिसऱ्या श्रेणीचा आर्मिनिया बीलेफेल्ड अंतिम सामना खेळला. असे संघ क्वचितच जिंकतात. त्यांच्या गावातील मैदानावर मोठा संघ एकदा येऊन गेला की त्या गावात पुढची वीस वर्षे फुटबॉल टिकते.

भारतात हे शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. पहिला पैशाचा. अव्वल लीगच्या हक्कांसाठी बोली आली नाही, तिथे जिल्हा-पात्रता फेरीला पुरस्कर्ता कोण देणार? दुसरा हवामानाचा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर मैदाने चिखलात असतात. तंजावरला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात येतो. नोव्हेंबरअखेरच्या दित्वा चक्रीवादळाने याच त्रिभुज प्रदेशाला झोडपले तेव्हा गोव्यात उपांत्य फेरीची तयारी सुरू होती. एकच राष्ट्रीय वेळापत्रक सर्व विभागांना मानवणार नाही. तिसरा मुद्दा व्यवस्थेचा, म्हणजे पंच, रुग्णवाहिका, खेळाडूंची नोंदणी आणि वयाची खातरजमा.

यांपैकी हवामानाचा मुद्दाच खरा अवघड आहे, आणि त्यावरचे उत्तर राज्यांच्या हाती आहे. प्रत्येक राज्याने आपल्या ऋतुमानानुसार वर्षभरात केव्हाही राज्य चषक घ्यावा आणि पुढच्या हंगामाच्या राष्ट्रीय पहिल्या फेरीसाठी विजेता कळवावा. एवढ्याने वेळापत्रकांची टक्कर टळते. खर्चाचे गणितही भासते तितके भयंकर नाही, कारण कोल्हापुरातील सामने आजही होतच आहेत आणि तमिळनाडूतील जिल्हा स्पर्धा सरकार भरवतेच. नव्याने लागेल तो राज्य विजेत्यांच्या मोजक्या सामन्यांचा खर्च. अव्वल क्लबांना तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीत प्रवेश दिला तर त्यांच्या सामन्यांची संख्याही वाढत नाही. हा सामना छोट्या संघाच्या मैदानावर खेळवावा असा नियम असेल तर त्याला काही क्लब विरोध करतील. नाजूक मैदानावर महागडा परदेशी खेळाडू उतरवायचा कशासाठी, हा त्यांचा सवाल असेल. त्यांना दुखापतीची भीती वाटणे स्वाभाविक आहे. पराभवाची भीतीही त्यात मिसळलेली असते, हे एप्रिलमध्ये बंगळुरूने अनुभवले आहे.

प्रश्न इच्छेचा आहे, आणि इच्छा सध्या अन्यत्र गुंतली आहे. क्रीडा मंत्रालय, महासंघ आणि क्लब यांच्या डिसेंबरमधील बैठकांत चर्चा होती ती लीग केव्हा, कोणाच्या पैशाने आणि किती सामन्यांची, याचीच. ऑक्टोबरमध्ये याच फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२ असे हरून भारत २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० असे हरवले. राष्ट्रीय संघासाठी खेळाडू कुठून आणायचे, हा प्रश्न त्यानंतर पुन्हा जोरात विचारला जात आहे. अव्वल चौदा क्लबांच्या कुंपणाआड तेच ते खेळाडू फिरत राहतात, अशी प्रशिक्षकांची जुनी तक्रार आहे. चषकाचा विचार या संदर्भात अद्याप कोणी केलेला नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये महासंघाची घटना नुकतीच बदलली होती, व्यावसायिक करार संपला होता, नवा झालेला नव्हता. एरवी हक्कधारक कंपनीच्या वेळापत्रकात चषकाला उरलेसुरले दिवस मिळत असत. तेव्हा ते वेळापत्रकच कोरे होते. नवा करार करताना चषकाचे हक्क लीगपासून वेगळे ठेवायचे, की पूर्वीप्रमाणे एकाच गाठोड्यात बांधायचे, हा निर्णय निविदेच्या अटी लिहितानाच होऊन जाईल. बहुधा त्याकडे कोणाचे लक्षही जाणार नाही.

या विजयाने एफसी गोवाला पुन्हा आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता सामन्याचे तिकीट मिळाले. कोल्हापूरचा हंगाम थंडीत रंगात येतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. शाहू स्टेडियमवर यंदाही तालमींचे संघ एकमेकांना बाद करतील. पुढील सुपर चषक केव्हा आणि किती संघांचा होणार, याची घोषणा महासंघाने डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत केलेली नव्हती.